गंधिक ते अत्तार : एका व्यवसायाची प्रतिष्ठा



अत्तराच्या विषयावर होमिओपॅथीचा डॉक्टर बोलायला उभा आहे, याचे काहींना नवल वाटेल. आमच्या हानेमानांनी ‘ऑर्गेनॉन’मध्ये उपचार चालू असताना उग्र सुगंध वर्ज्य सांगितले आहेत. त्यामुळे माझा आणि अत्तराचा संबंध रुग्णांना ‘ते लावू नका’ असे बजावण्यापुरताच होता.

तो बदलला एका रुग्णामुळे. आडनाव अत्तार. जत्रांतून, उरुसांतून फिरून अत्तर विकणारे गृहस्थ. केसपेपरवर व्यवसाय लिहू लागलो, तेव्हा म्हणाले, ‘‘डॉक्टरसाहेब, नुसतं ‘व्यापार’ लिहा. मुलीचं जमवतोय. अत्तर विकतो म्हटलं की लोक फेरीवाला समजतात.’’ ज्याच्या आडनावातच धंदा आहे, त्यालाच तो लपवावासा वाटावा, हे मला लागले. मग मी वाचू लागलो.

कार्ल्याच्या चैत्यगृहात सुमारे दोन हजार वर्षांपूर्वीचा एक छोटा लेख आहे. धेनुकाकटच्या गंधिक सिंहदत्ताने द्वार दान दिले, एवढेच त्यात आहे. ‘गंधिक’ म्हणजे सुगंधी द्रव्यांचा व्यापारी. गाव, मग धंदा, मग नाव. मथुरेच्या कंकाली टेकडीवर सापडलेल्या कुषाणकालीन जिनमूर्तींवरही गंधिकांच्या घरातील स्त्रियांची दाने कोरलेली आहेत. जैन म्हणून मला ते वाचताना विशेष आनंद झाला. त्या घरांना धंदा सांगण्यात कमीपणा वाटत नव्हता.

मात्र सगळ्यांचे मत असे नव्हते. मनुस्मृतीत आपत्काळी वैश्यवृत्तीने जगणाऱ्या ब्राह्मणाने जे विकू नये, त्या यादीत सुगंधी द्रव्ये आहेत. पंचतंत्र या धंद्याची थोरवी सांगते, पण कशासाठी? एकाला घ्यावे आणि शंभराला विकावे, यासाठी! त्या स्तुतीत संशयाचा वासही आहे.

विद्येला मात्र मान होता. वराहमिहिराने ‘बृहत्संहिते’त गंधयुक्तीवर अध्याय लिहिला. सोळा द्रव्यांतून चार-चार निवडली तर 1820 मिश्रणे होतात, असा त्याचा हिशेब आहे. कल्याणीच्या चालुक्य सोमेश्वराने बाराव्या शतकात ‘मानसोल्लासा’त राजाच्या उपभोगांत गंधाला स्थान दिले. अबुल फजलने ‘आईन-ए-अकबरी’त अकबराच्या सुगंधखान्याची नोंद केली.

पुढे ‘अत्तार’ हा अरबी शब्द आला. त्याचा अर्थ सुगंध विकणारा, तसाच औषधी द्रव्ये विकणाराही. फारसी कवी फरीदुद्दीन यांनी तेच नाव घेतले. म्हणजे माझा आणि माझ्या रुग्णाचा धंदा मुळात शेजारशेजारचाच. कस्तुरीपासून केलेले ‘मॉस्कस’ आमच्याही पेटीत असतेच.

मग मान गेला कुठे? कन्नौजची जुनी पद्धत पाहा. तांब्याच्या देगेत फुले आणि पाणी घालायचे, झाकण मातीने लिंपायचे, खाली भट्टी पेटवायची. वाफ बांबूच्या नळीतून भपक्यात उतरते. भपक्यात चंदनतेल असते आणि भपका गार पाण्यात ठेवलेला असतो. आच किती, भपका कधी बदलायचा, हे कारागीर हाताच्या स्पर्शाने ओळखतो. इतके कौशल्य, पण त्याचे नाव ना शिलालेखात, ना ग्रंथात. नाव राहिले ते दान देणाऱ्याचे, ग्रंथ लिहिणाऱ्याचे आणि अत्तर लावणाऱ्याचे. माझ्या मते या व्यवसायाची प्रतिष्ठा सुगंधाला कधी चिकटलीच नाही. ती भांडवलाला चिकटली.

पुढच्या खेपेस मी त्या गृहस्थांना सिंहदत्ताची गोष्ट सांगितली. त्यांनी शांतपणे ऐकली आणि हसून म्हणाले, ‘‘साहेब, त्याचं दुकान पक्कं असणार!’’ माझ्या सगळ्या वाचनाचे सार त्यांनी एका वाक्यात सांगितले.

आपल्याकडे पानसुपारीला अत्तर लावायला हात पुढे करतो, पण ते काढले कोणी, विकले कोणी, हे विचारत नाही. आपल्यापैकी कितीतरी घराण्यांचे कुलवृत्तान्त लिहिले जात आहेत. त्यांत इनामे आणि हुद्दे येतातच. एखादा पूर्वज तेल, मीठ, अत्तर विकत गावोगाव फिरला असेल, तर तेही लिहा. ‘व्यापार’ एवढेच लिहून थांबू नका. केसपेपरवर मी तसेच लिहिले होते, याची आज मला खंत वाटते.