खोडात दडलेला भुंगेरा

येलदरीच्या परिसरात आंब्याच्या बुंध्याशी ताजा भुसा पडलेला दिसला, तर आत भिरूड आहे असं समजावं. या लांब मिशांच्या भुंगेऱ्याची अळी खोड पोखरते. वरून फवारलेलं औषध तिच्यापर्यंत पोचत नाही. म्हणूनच तारेच्या आकड्यानं अळी ओढून काढायची, छिद्रात कीटकनाशकाचा बोळा घालायचा आणि वरून चिखल लिंपायचा.

नव्या औषधांनी हीच अडचण हेरली. अमेरिकेत २००२ साली ॲश झाडांवर आशियातून आलेला हिरवा भुंगेरा सापडला. आता तिथं इमामेक्टिन बेंझोएट थेट खोडात टोचतात आणि झाडाचा रस ते फांद्यांपर्यंत नेतो. जपानी मातीतल्या जिवाणूपासून मिळालेल्या अव्हरमेक्टिनचं हे सुधारित रूप.

आंबा मात्र खायचं फळ. त्यात औषधाचा अंश किती उरतो, हे आधी तपासायलाच हवं.