नाकाबाहेर न येणारं रक्त

शर्यत संपल्यावर एखाद्या घोड्याच्या नाकातून रक्त ओघळलं की लोक हळहळतात. तसं दिसतं क्वचितच. मात्र तासाभरात दुर्बीण घालून श्वासनलिका पाहिली, तर निम्म्याहून अधिक घोड्यांत रक्त सापडतं! एरवी मिनिटाला ३०-४० ठोके देणारं हृदय भरधाव पळताना २०० च्या पुढे जातं. त्या दाबानं फुप्फुसातल्या केसाहून बारीक रक्तवाहिन्या फुटतात. अमेरिकेत अनेक दशकं शर्यतीआधी फ्युरोसेमाइड टोचत आले आहेत. लघवी होते, दाब उतरतो. पण घोडा हलकाही होतो. म्हणून बहुतेक देशांत शर्यतीच्या दिवशी त्याला बंदी आहे. मला ती रास्त वाटते. जखम भरायला घोड्याला उसंत हवी. पण उभ्या घोड्यालाही खुराक लागतोच, आणि मालक तो हिशेब आधी करतो.