भीतीचा क्रम

कविता लिहिणारा माणूस भयपटांवर काय बोलणार, असं तुम्हाला वाटेल. पण गेल्या महिन्यात कॉलेजात जाणाऱ्या माझ्या मुलीनं विचारलं, "अब्बा, 'हॅलोवीन'चे एवढे भाग आहेत, सुरुवात कुठून करू?" मी म्हटलं, "पहिल्यापासून. आणि मधे कुणाचं ऐकू नकोस." तिला वाटलं, अब्बांनी नेहमीप्रमाणे प्रश्न टोलवला. पण त्या उत्तरामागे माझं जुनं नुकसान आहे.

१९८५-८६ची गोष्ट. आमच्या तालुक्याच्या गावात तेव्हा व्हीसीआर भाड्यानं मिळायचा. रात्रीचे पैसे भरायचे आणि सकाळपर्यंत चार कॅसेटी संपवायच्या. त्या रात्री चौथी कॅसेट दुकानदारानं स्वतःच्या मर्जीनं दिलेली होती. ती निघाली 'हॅलोवीन'चा दुसरा भाग. घरातले सगळे झोपलेले, जागे आम्ही दोघंच, मी आणि माझी आपा. इंग्रजी निम्मं डोक्यावरून गेलं, पण एवढं कळलं की मुखवटेवाला जिच्या मागे लागलाय, ती त्याची बहीण आहे. आपा ओढणीआडून म्हणाली, "भाऊ आहे होय!" आणि तिची भीती तिथंच अर्धी उतरली. परक्याचा हल्ला नव्हता, घरातलं भांडण होतं ते.

पुढे कित्येक वर्षांनी पहिला भाग पाहिला, तेव्हा प्रत्येक दृश्यात मनात तेच, ही त्याची बहीण. आणि गंमत म्हणजे पहिल्या भागात असं काही नाहीच!

जॉन कार्पेंटरचा हा चित्रपट १९७८चा. खर्च तीन-सव्वातीन लाख डॉलर, चित्रीकरण जेमतेम तीन आठवडे. गोष्ट ऑक्टोबर अखेरच्या रात्रीची, पण चित्रीकरण वसंतात, कॅलिफोर्नियात. म्हणून पानं रंगवून रस्त्यावर पसरायची, दृश्य झालं की गोळा करायची, पुन्हा पसरायची. मुखवटाही दुकानात मिळणारा, 'स्टार ट्रेक'मधल्या कॅप्टन कर्कचा, पांढरा रंग फासलेला. १९६३ साली सहा वर्षांचा मायकेल मायर्स आपल्या थोरल्या बहिणीचा खून करतो. पंधरा वर्षांनी इस्पितळातून पळून गावी येतो आणि लॉरी नावाच्या मुलीच्या मागे लागतो. का? चित्रपट सांगत नाही. ती त्या सकाळी त्याच्या जुन्या घराच्या दारापर्यंत गेली होती, एवढंच. उद्या तुम्ही जाल, मी जाईन.

संगीतही कार्पेंटरचंच. ती पियानोची धून मोजून पाहा, दहा मात्रा भरतात. आपला झपतालही दहाचा, पण तो दोन-तीन-दोन-तीन असा तोल सावरत चालतो. इथं तीन-तीन-दोन-दोन. म्हणजे पावलं आधी लांब पडतात आणि मग एकदम जवळ येतात. छंदात लिहिणाऱ्याला याचं मोल वेगळं सांगायला नको.

बहिणीचं नातं आलं ते १९८१च्या दुसऱ्या भागात. लेखनात कार्पेंटर होताच, आणि ती कल्पना बरोबर नव्हती, असं पुढे त्यानंच मुलाखतींतून कबूल केलं. पण लिहिलेलं पुसता येत नाही. १९८२च्या तिसऱ्या भागात तर मायकेलच नाही. वेगळीच गोष्ट, मुखवटे विकणाऱ्या कारखान्याची. त्यातल्या टीव्हीवर पहिल्या 'हॅलोवीन'ची जाहिरात लागते, म्हणजे त्या जगात तो फक्त एक सिनेमा आहे. लोक तेव्हा चिडले. मला मात्र तो आवडतो. एखाद्या पावसाळी रात्री सुटा पाहावा.

खरा गुंता पुढे आहे. १९८८च्या चौथ्या भागात लॉरी अपघातात गेलेली आहे आणि मागे तिची लहान मुलगी उरली आहे. त्या पोरीचे हाल पाचव्या-सहाव्या भागापर्यंत चालतात. मग १९९८ साली लॉरी जिवंत परत येते, नाव बदलून एका शाळेची मुख्याध्यापिका झालेली. आता तिला मुलगा आहे. ती मुलगी? तिचा कुणी उल्लेखही करत नाही. हे मला भयपटांतल्या सगळ्या खुनांपेक्षा क्रूर वाटतं. २००२मध्ये लॉरी पुन्हा मरते. २००७ आणि २००९चे रॉब झोंबीचे दोन भाग म्हणजे नवा संसार. त्यात मायकेलचं बालपण इतकं समजावून सांगितलंय की घाबरायचं राहूनच जातं. आणि २०१८ साली पहिला सोडून बाकीचं सगळं रद्द! बहिणीची गोष्ट लॉरीची नात लोकांनी उठवलेली वावडी म्हणून उडवून लावते. त्याला जोडून २०२१ आणि २०२२चे दोन भाग. एकूण तेरा.

तर माझा क्रम असा. १९७८चा पहिला पाहा आणि थांबा. दोन-चार दिवस जाऊ द्या. मग थेट २०१८चा. पहिल्या वेळी जेमी ली कर्टिस एकोणीस वर्षांची होती, इथं साठीला टेकलेली आहे, केस पांढरे. मधली चाळीस वर्षं मेकअपची नाहीत, खरी आहेत. घराला कुलपं, खिडक्यांना जाळ्या, मुलगी दुरावलेली. एका रात्रीची भीती जन्मभर सांभाळली की घराचं काय होतं, ते दिसतं. पुढचे दोन पाहिले तर पाहिले. दुसरा भाग मात्र सगळ्यात शेवटी, आणि चौथ्यापासून सहाव्यापर्यंतचे त्या पोरीसाठी कधीतरी.

मुलीनं परवा रात्री पहिला पाहिला. शेवटी सहा गोळ्या खाऊन तो सज्जातून खाली पडतो, डॉक्टर वाकून बघतात तर गवतावर कुणी नाही. मग नुसती रिकामी घरं दिसतात आणि त्याच्या श्वासाचा आवाज. ती बाहेर आली, म्हणाली, "अब्बा, तो तिच्याच मागे का लागला?" आपाला फोन लावून विचार, असं तोंडावर आलं होतं. मी गप्प राहिलो. मग ती गॅलरीच्या दाराची कडी लावायला गेली. मी मघाशीच लावलेली होती, तरी तिनं हात लावून पाहिलं.