इलेक्ट्रॉन जिथे सापडत नाही

१९२६ मध्ये श्रोडिंगर यांनी इलेक्ट्रॉनच्या तरंगाचं समीकरण मांडलं. हा तरंग इलेक्ट्रॉन कुठे सापडण्याची किती शक्यता आहे ते सांगतो, असा अर्थ माक्स बॉर्न यांनी त्याच वर्षी लावला. हायड्रोजनमधल्या इलेक्ट्रॉनच्या अशा तरंगाचा एक आकार, म्हणजे 'टू-पी' कक्षक बघा. दोन फुगीर भाग आणि त्यांच्या मधोमध, केंद्रकातूनच जाणारं एक प्रतल. त्या प्रतलावर शक्यता शून्य! मग इलेक्ट्रॉन पलीकडे जातो कसा? खरं तर प्रश्नच फसवा आहे. कंप पावणाऱ्या सतारीच्या तारेचा मधला बिंदू स्थिर राहून दोन्ही बाजू एकाच वेळी थरथरू शकतात. इलेक्ट्रॉनचा तरंगही दोन्हीकडे एकदमच असतो; ओलांडायचं काहीच नसतं. 'टू-एस' या दुसऱ्या एका कक्षकात तर हे शून्य पोकळ गोलासारखं, केंद्रकापासून साधारण १.०६ अँगस्ट्रॉमवर, म्हणजे मिलिमीटरच्या जेमतेम एक कोटीव्या भागावर.