जीवदया आणि चाऱ्याची प्रत



अहिंसाणुव्रताचे अतिचार सांगताना जैनाचार्यांनी बंध, वध, छेद आणि अतिभारारोपण यांच्या पंक्तीत अन्नपाननिरोधही गणला आहे. आश्रित जीवास वेळेवर अन्नपाणी न देणे, हा व्रतास लागणारा दोषच होय. पांजरपोळांची परंपरा याच जाणिवेवर उभी आहे. दात्यांच्या औदार्याने तेथील गव्हाणी भरलेल्या असतात. तरीही काही गाईंच्या बरगड्या मोजता येतात. याचे एक मोठे कारण चाऱ्याच्या प्रतीत असते.

कापड मीटरने मोजले जाते, परंतु त्याचे मोल पोतावरून ठरते. चाऱ्याचेही तसेच आहे. गाईच्या कोटीपोटातील सूक्ष्म जीव चारा पचवितात. त्यांच्या वाढीसाठी चाऱ्यात किमान ७ टक्के प्रथिने लागतात. गव्हाच्या काडात व भाताच्या पेंढ्यात ती सुमारे ३ ते ४ टक्केच असतात. लसूणघासात, त्यातील शुष्क अंशाच्या हिशेबाने, १८ ते २० टक्के. केवळ काडावर पोट भरते, पोषण होत नाही.

कुरणातील गवत फुलोऱ्यात कापून वाळविल्यास कसदार राहते. बी झडल्यावर कापलेल्या गवतात काष्ठांश वाढतो, प्रथिने घटतात. पक्व कुसळीची कुसळे तर जनावरांच्या तोंडात रुततात.

पर्वदिनी श्रद्धेने पोळ्या, धान्य व गूळ भरपूर चारला जातो. सवय नसताना असा आहार एकाच वेळी अधिक झाल्यास कोटीपोटात आम्ल वाढते, रवंथ थांबते, प्रसंगी जनावर दगावते. करुणेने दिलेला घासच मग हिंसेस निमित्त ठरतो. म्हणून त्या दिवशी चाऱ्यासाठी रक्कम अर्पण करणे अधिक श्रेयस्कर.

विश्वस्तांनी खरेदीच्या वेळी वजनाबरोबर रंग, वास आणि बुरशीही पाहावी. कडब्याची कुट्टी करावी. हिरवा चारा, क्षारमिश्रण आणि स्वच्छ पाणी नित्य द्यावे. १०० किलो काडावर ४ किलो युरिया सुमारे ५० लिटर पाण्यात पूर्ण विरघळवून शिंपडावा व काड २१ दिवस हवाबंद ठेवावे. त्यामुळे त्याची पचनीयता वाढते. मात्र हे काम पशुवैद्यकाच्या मार्गदर्शनाखालीच व्हावे आणि लहान वासरांना असे काड देऊ नये, कारण चुकीच्या वापराने युरिया विषारी ठरतो.

मुक्या जीवास तक्रार करता येत नाही. त्याच्या वतीने पारख करणे हे पालकाचे कर्तव्य आहे. दयेला विवेकाची जोड मिळाली, तरच जीवदया सार्थ होईल.

जय जिनेंद्र!