दिसणे आणि पटणे

(शिक्षकांसमोरील भाषणाचा संपादित अंश)



नागरिकशास्त्रात मतदाराचे हक्क आपण शिकवतो. मतदाराच्या डोळ्यांविषयी मात्र बोलत नाही. त्यासाठी २६ सप्टेंबर १९६०चा दाखला घ्यावा. त्या रात्री शिकागोतील स्टुडिओत केनेडी आणि निक्सन समोरासमोर आले. अमेरिकेच्या अध्यक्षपदाच्या उमेदवारांचा दूरचित्रवाणीवरील तो पहिला वादविवाद सुमारे सात कोटी लोकांनी पाहिला. गुडघ्याच्या आजारामुळे निक्सन नुकतेच रुग्णालयात राहून आले होते. वजन घटलेले, करडा सूट मागच्या पडद्यात मिसळलेला, हनुवटीवर घाम! केनेडींचा सूट गडद, चेहरा उन्हाने रापलेला, टवटवीत. युक्तिवादात निक्सन फारसे उणे नव्हते. लक्षात राहिला तो चेहरा.

रेडिओवर ऐकणाऱ्यांना निक्सन सरस वाटले, असे नेहमी सांगितले जाते. परंतु ती पाहणी अगदी तोकडी होती, आणि रेडिओचा श्रोतृवर्ग मुळातच वेगळा असू शकतो. ही शंका विद्यार्थ्यांनाच काढू द्या. पुढे जेम्स ड्रकमन या अभ्यासकाने रीतसर प्रयोग केला, तो २००३मध्ये प्रसिद्ध झाला. काहींना त्या वादविवादाचा केवळ आवाज ऐकवला, काहींना चित्रफीत दाखवली. पाहणाऱ्यांचा कौल केनेडींकडे अधिक झुकला.

हे वर्गातही करता येईल. अर्ध्या मुलांनी पडद्याकडे पाठ करून ऐकावे, अर्ध्यांनी पाहावे. वक्ते मुलांच्या परिचयाचे नकोत. आपल्या आवडीचे तर नकोतच, नाहीतर शिक्षकच पक्षकार होतो. मग ‘कोण पटले? का?’ हे लिहून घ्यावे. कोणी ‘त्यांचा आत्मविश्वास’ असे लिहिले, तर विचारा, कोणत्या वाक्यात?