वर्गणी पोचली, माणूस पोचलं नाही

फर्स्ट शिफ्टचे डबे धुऊन झाले असतील, नळाला पाणी यायला अजून वेळ असेल. तेवढ्यात दोन गोष्टी बोलून घेऊ.

श्रावण आलाय. आपल्या भागात श्रावण आला की चौकाचौकात कानबाई माता उत्सवाचे फलक लागतात. आज थोडं त्या सणाबद्दल बोलायचंय आणि जास्त बोलायचंय ते आपल्याबद्दल. गाव सोडून आलेल्या आपण बायका इथे एकमेकींना किती धरून आहोत, याबद्दल.

आम्ही चिखली-मोशी बाजूला बचत गटांचं काम करतो. आमच्या गटांत निम्म्या बायका जळगाव, धुळे, नंदुरबारकडच्या. बाकीच्या बीड, लातूर, सोलापूरच्या. काही बिहार-उत्तर प्रदेशातल्याही आहेत. आपलं शहर वाढलंच असं. १९५४ साली पिंपरीतल्या पेनिसिलिनच्या सरकारी कारखान्याची, म्हणजे आपल्या एचएची, स्थापना झाली. १९६२ मध्ये एमआयडीसी स्थापन झाली, मागोमाग गाड्यांचे कारखाने आले. १९८२ मध्ये महानगरपालिका झाली. २००१ च्या जनगणनेत शहराची लोकसंख्या दहा लाखांच्या थोडी वर होती, २०११ मध्ये ती सव्वासतरा लाख झाली. पुढे चाकणलाही मोठमोठ्या कंपन्या आल्या. एवढी माणसं काही इथे जन्मली नाहीत. आयटीआय झालेला एक पोरगा आला, त्याने चुलतभावाला बोलावलं, त्याने मेव्हण्याला. मग त्यांची लग्नं झाली आणि मागून आपण आलो, एक ट्रंक, गॅसची शेगडी आणि गावाकडचे पापड-बिबडे घेऊन.

ज्यांना कानबाई माहीत नाही त्यांच्यासाठी सांगतो. नागपंचमीनंतरच्या रविवारी खानदेशात घरोघर कानबाई बसते. नारळालाच देवी मानून सजवायचं, चौरंगावर बसवायचं, रात्रभर गाणी म्हणत जागायचं. सोमवारी सकाळी डोक्यावर घेऊन, वाटेत फुगड्या घालत नदीवर जायचं. या सणात महत्त्वाचा असतो रोट. त्यासाठी गहू मुठीने मोजून घेतात आणि वेगळे दळतात. बऱ्याच घरांत ही मूठ पुरुषमाणसांच्या नावाने टाकतात. आणि रोट खायचा तो भाऊबंदांनीच, परक्याला द्यायचा नाही. गावात ते सोपं असतं. अख्खी गल्लीच भाऊबंदांची. वर्षभर ज्यांच्याशी बांधावरून भांडण, तेही त्या दिवशी एका पंगतीला येतात.

इथे मात्र खोलीत नवरा, आपण आणि एक लेकरू. भाऊबंद आणायचे कुठून? म्हणून तर मंडळं निघाली. खानदेशी मंडळ, मराठवाडा मंडळ, कोकणवासीयांचं मंडळ. छठपूजेला मोशीच्या इंद्रायणी घाटावर जमणारी मंडळीही त्यातलीच. आपल्या मराठी माणसांनी परदेशात हेच केलं. लंडनचं महाराष्ट्र मंडळ १९३२ सालचं. अमेरिकेतल्या मंडळांनी मिळून १९८१ मध्ये बृहन्महाराष्ट्र मंडळ काढलं. माणूस कुठेही गेला की आधी खोली शोधतो, मग आपल्या भाषेत बोलणारं कोणी शोधतो. यात चूक काही नाही. मंडळामुळे कितीतरी पोरांना नोकरी मिळाली, पोरींची स्थळं जमली, अपघातात रक्त मिळालं. ते आम्ही नाकारत नाही.

पण काही वर्षांपूर्वी एक गोष्ट घडली, ती सांगतो. मंडळाचं नाव घेत नाही, कारण दोष एकट्या मंडळाचा नाही, आम्हीही त्यातच होतो.

त्या रविवारी हॉलमध्ये मोठा उत्सव होता. चारशे पानं उठायची होती. आम्ही सकाळपासून वरण-बट्टी आणि वांग्याच्या भाजीला जुंपलेल्या. स्टेजवर पाहुणे, शाली, नारळ, भाषणं. भाषणात माय-बहिणींचे आभार मानले, तेव्हा माय-बहिणी मागे भांडी घासत होत्या. रात्री ढोल वाजला, आम्ही नाचलो, छान वाटलं.

पंधरा-वीस दिवसांनी एक पोरगी तान्हं बाळ घेऊन आमच्या गटाच्या बैठकीला आली. धुळ्याकडची, विशीतली. गटात नाव घालायचं म्हणाली. बोलता बोलता कळलं की ती हॉलच्या मागे तिसऱ्या गल्लीत राहते आणि बाळ त्याच रविवारी रात्री झालं. नवरा नाइट शिफ्टला, कंत्राटी कामगार. फोन कंपनीच्या लॉकरमध्ये. कळा सुरू झाल्या तशी ती भिंतीला धरत रस्त्यावर आली. एका रिक्षावाल्या भैयाने पाहिलं, घरून बायकोला बोलावलं आणि दोघांनी तिला दवाखान्यात नेलं. त्या बाईला हिला काय बोलावं ते कळत नव्हतं, तिने नुसता हात धरून ठेवला.

आम्ही विचारलं, "अगं, आम्ही इतक्या बायका इतक्या जवळ होतो. हाक का नाही मारलीस?"

ती म्हणाली, "ताई, ढोल ऐकू येत होता. पण तिथं मला कोणी वळखत नव्हतं."

आमच्यातल्या एकीने विचारलं, मंडळाची माणसं आली नव्हती का दारात? ती म्हणाली, आली होती ना, दोनशे एक्कावन्न रुपये घेऊन गेली. पावती तिने जपून ठेवली होती.

मैत्रिणींनो, त्या दिवशी कर्जाचे हप्ते मोजायला कोणाचं मन लागलं नाही. वर्गणीला तिचं दार सापडलं होतं. पण घरात कोण आहे, कितवा महिना आहे, सोबतीला कोण येणार आहे, हे कोणी विचारलं नव्हतं. आमच्यापैकीही कोणी त्या गल्लीत गेलं नव्हतं.

तेव्हापासून आम्ही तीन गोष्टी सुरू केल्या. मोठ्या नाहीत, पण तुमच्याही गटाला जमतील.

पहिली म्हणजे एक वही. बचतीची नाही, माणसांची. गल्लीत नवीन बिऱ्हाड आलं की आठवड्याच्या आत दोघींनी जायचं. नाव, माहेरचं गाव, फोन, नवऱ्याची शिफ्ट, घरात म्हातारं-आजारी कोणी आहे का, कोणाला दिवस गेलेत का, हे तिच्या मर्जीने लिहायचं. वही बाहेर जात नाही, कोणाला दाखवायची नाही. ती खानदेशी आहे का, कोणत्या जातीची आहे, हा रकाना त्या वहीत नाही. हा निर्णय घेताना वाद झाला, हे लपवत नाही. "आधी आपल्यांचं बघा," असं काही जणी म्हणाल्या. तेव्हा त्या धुळ्याच्या पोरीनेच विचारलं, "त्या रात्री माझं आपलं कोण होतं?" पुढे कोणी बोललं नाही.

दुसरी गोष्ट रोटाची. परक्याला रोट चालत नाही, मग एकट्या बाईने सण कसा करायचा? आमच्यातल्या एक आजी आहेत, अमळनेरकडच्या, साठी ओलांडलेल्या. त्यांनी मार्ग काढला. म्हणाल्या, घरचा रोट घरातच राहू दे, त्याची रीत मोडू नका. पण गल्लीची वेगळी पंगत घाला. तिला प्रत्येकीने गहू आणावेत, आणि मूठ घरातल्या सगळ्यांच्या नावाने टाकावी, पोरींच्याही. पहिल्या वर्षी आपल्या दोन नातींच्या नावाने त्यांनीच मूठ टाकली. त्या पंगतीत लातूरची बाई बसली आणि रिक्षावाल्याची बायकोही. वाढायला पुरुष होते. थोडं सांडलं, पण वाढलं त्यांनी.

तिसरी गोष्ट बोलीची. गावाकडून आजीचा फोन येतो. ती विचारते, "जेवना का रे?" आणि नातू हिंदीत सांगतो, "हाँ, खा लिया." आजी गप्प होते. शाळेत हसतात म्हणून पोरं अहिराणी बोलत नाहीत. पोरं मागे राहतील म्हणून आपणही बोलत नाही. जनगणनेत अहिराणी खानदेशी या नावाखाली मोजतात. २००१ मध्ये ही भाषा सांगणारे वीस लाखांहून जास्त होते, २०११ मध्ये एकोणीस लाखही राहिले नाहीत. कितीतरी जण मातृभाषा मराठी असं लिहून मोकळे होतात, हेही त्यात आलं. बहिणाबाईंना लिहिता-वाचता येत नव्हतं. त्यांची लेवा बोली म्हणजे अहिराणीची शेजारीणच. आज जळगावच्या विद्यापीठाला त्यांचं नाव आहे, आणि आपण आपली बोली बोलताना इकडे तिकडे बघतो.

इंग्लंडच्या शेजारी वेल्स म्हणून देश आहे. १८६५ साली तिथले दीडशेच्या आसपास लोक जहाजाने पार दक्षिण अमेरिकेत, अर्जेंटिनात गेले. इंग्रजीपुढे आपली भाषा टिकत नाही, म्हणून दूर जाऊन वस्ती करायची, हा त्यांचा हेतू. भोवती सगळे स्पॅनिश बोलणारे. तरी दीडशे वर्षांनंतरही तिथे ती भाषा बोलणारी माणसं आहेत. २८ जुलैला, जहाज किनाऱ्याला लागलं त्या दिवशी, प्रार्थनामंदिरांत सगळ्यांसाठी चहा-केक असतो. आणि दरवर्षी कविता-गाण्यांचा मेळा भरतो, त्यात लहान मुलांनाही त्या भाषेत म्हणायला उभं करतात. आम्हाला त्यातली ही युक्ती आवडली. मुलाला नुसतं "आपली भाषा बोल" म्हणून ते बोलत नाही. त्या भाषेत त्याला काही काम द्यावं लागतं.

म्हणून आमच्या बैठकीची शेवटची वीस मिनिटं मुलांची. ज्याला जी बोली घरची, त्याने त्या बोलीत काहीतरी सांगायचं. आजीला फोनवर विचारून आणलेला उखाणा, कोडं, बट्टी कशी करतात ते, काहीही. एका मुलाने मगहीत गोष्ट सांगितली, कोणाला सगळी कळली नाही, पण टाळ्या पडल्या. अहिराणी बोलणारी पोरं सुरुवातीला तीन होती. आता किती आहेत ते मोजत नाही, पण बैठकीला आईला ओढून तीच आणतात.

सगळं जमलं असं नाही. हॉलमधला मोठा उत्सव अजून तसाच होतो, समितीत अजून एकही बाई नाही. या वर्षी आम्ही मंडळाला अर्ज दिलाय की समितीत दोन बायका घ्या, आणि वर्गणीला जाताना आमची एक जण सोबत न्या. ते पावती फाडतील, आमची बाई विचारपूस करेल. उत्तर यायचंय.

तुम्ही मात्र अर्जाच्या उत्तराची वाट बघू नका. तुमच्या गल्लीत या महिन्यात नवीन कुलूप उघडलं असेल, दोरीवर नवीन लुगडी-साड्या दिसत असतील. आज संध्याकाळी पाणी भरून झालं की जा. विरजणाला दही मागायच्या निमित्ताने जा. नाव विचारा, माहेर विचारा, आपला नंबर तिच्या दाराच्या मागे खडूने लिहून या.

ती धुळ्याची पोरगी आता आमच्या गटाची सचिव आहे. वही तिच्याकडेच असते. तिचं बाळ आता चालतं, बोलतंही. आम्हाला बघितलं की म्हणतं, "माय, कोन वनं?" कोण आलं ते त्याला सांगायला आम्ही थांबतो.

कानबाई सगळ्यांना सुखाची ठेवो. नमस्कार.